वाट नसलेले डोंगर : मुंबईकरांसाठी चर्चा

सोंडवाट (मुलुंड)

कर्जत लोकलने बदलापूर सोडलं की उजवीकडच्या खिडकीतून डोंगर बघा. चंदेरी किल्ला आपण सगळेच ओळखतो. पण त्याच्या मागेपुढे कितीतरी सोंडा (माथ्यापासून खाली उतरत आलेल्या धारा), टेपाडं आणि सुळके असे आहेत की त्यांच्यावर कुणी जात नाही. तिथे किल्ला नाही, लेणं नाही, देऊळ नाही. नकाशात नावाच्या जागी नुसता उंचीचा आकडा असतो. मुरबाड–माळशेज रस्त्यावरही तेच. भैरवगड आणि नानाचा अंगठा लोकांना दाखवता येतात, त्यांच्यामधली भिंत मात्र कुणी विचारत नाही.

गेली बरीच वर्षं मी शक्यतो अशाच डोंगरांवर जातो. हे कसं करायचं हे मुंबईतल्या नव्या मुलांना कुणी सांगत नाही, म्हणून हा धागा. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे: चढताना वाट शोधा, उतरताना मळलेली वाट धरा. ज्या डोंगरावरून उतरायची एक तरी पक्की वाट तुम्हाला ठाऊक नाही, तो डोंगर अजून तुमचा नाही.

कारण सह्याद्रीच्या रचनेत आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. टणक थरांचे कातळकडे झाले. सच्छिद्र, ठिसूळ थर झिजून उतार झाले, त्यांवर माती साचली आणि जंगल आलं, तोच आपला पदर. त्यामुळे इथे कुठलाही डोंगर चढायचा म्हणजे कडा, पदर, कडा, पदर. पदरात माणूस आडवा कितीही फिरू शकतो. प्रश्न एवढाच असतो की वरचा कडा कुठे फुटलाय. तो फुटतो उभ्या भेगेत, म्हणजे नाळेत, किंवा सोंड जिथे माथ्याला भिडते तिथे. खालून वर जाताना हा फुटवा दिसतो, वाट बंद असेल तर तेही दिसतं. वरून उतरताना यातलं काही दिसत नाही. दिसतो तो हिरवा उतार, त्याच्या खाली एकदम गाव, आणि मधला पन्नास मीटरचा कडा उताराच्या कडेआड लपलेला. त्यातून माणूस नाळेत शिरतो, आठ-दहा फुटांची एक उडी मारतो, ती उडी परत चढता येत नाही आणि पुढच्या वळणावर धबधब्याचा गुळगुळीत कातळ लागतो. पुढेही नाही आणि मागेही नाही. सह्याद्रीत माणसं अडकतात त्याची ही अगदी ठरलेली तऱ्हा आहे.

आता नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे २०१७ पासून त्यांच्या ‘नक्शे’ या संकेतस्थळावर खुले झाले. त्यातल्या दोन समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, २० मीटरचा फरक असतो. म्हणजे पंधरा मीटरचा सरळसोट कडा दोन रेषांच्या मधे सहज हरवू शकतो, आणि पंधरा मीटर म्हणजे पाच मजली इमारत. मोबाइलवरच्या बऱ्याच नकाशांमधली उंचीची माहिती फेब्रुवारी २०००च्या अंतराळयान मोहिमेतल्या रडार-मोजणीवर आधारलेली आहे. तिचे चौकोन साधारण तीस मीटरचे. त्यात कडा कडा राहत नाही, नुसता तीव्र उतार होतो. नकाशात रेषा विरळ दिसल्या म्हणून वाट सोपी असेल असं सह्याद्रीत धरून चालू नये.

उपग्रहाची छायाचित्रं पाहायची तर मार्च-एप्रिलची पाहा. पानं झडलेली असतात, गवत वाळलेलं असतं, ढोरवाटा फिकट रेघांसारख्या उठून दिसतात. पण त्यात एक अडचण आहे. हे उपग्रह बहुतेक सकाळच्या वेळी वरून जातात आणि आपले कोकणाकडचे कडे पश्चिमेला तोंड करून उभे. म्हणजे नेमका जो कडा बघायचाय तोच सावलीत काळा.

म्हणून माझा सगळ्यात मोठा आग्रह: एक सुटी फक्त बघण्यात घालवा. चढायचंच नाही. समोरच्या टेकडीवर, नाहीतर दोन-तीन किलोमीटर लांबच्या रस्त्यावर दुर्बीण घेऊन बसा. दुपारी तीननंतर पश्चिमेचं ऊन कड्यावर तिरकं पडायला लागलं की प्रत्येक खाच, प्रत्येक पट्टी (कड्यातली अरुंद आडवी सपाटी) सुटी दिसते. फोटो काढा, घरी मोठा करून त्यावर रेघ ओढा. झाडांची तिरकी रांग कड्यातून वर गेलेली दिसली तर तिथे माती टिकलीय, म्हणजे तिथे पाय ठेवायला जागा असण्याची शक्यता आहे. नाळेच्या तोंडाशी पांढऱ्या, ताज्या दगडांचा ढीग दिसला तर वरून दगड अजून येताहेत. पायथ्याशी गेल्यावर यातलं काही कळत नाही. तिथे मान वर केली की फक्त पहिला कडा आणि झाडी.

हंगाम: पावसाळ्यात हे करायचं नाही, यावर मी चर्चा करणार नाही. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. भिजलेली माती कातळावरून कधी सुटेल ते सांगता येत नाही. ऑक्टोबरमध्ये गवत कमरेएवढं, त्याखाली सुटा दगड दिसत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं, पण तेव्हा वाळलेलं गवत बुटाखालून सटकतं. मार्चनंतर पाणी संपतं. गडांवर निदान टाकी असतात. बिननावाच्या डोंगरावर टाकं कोण खोदणार? माणशी चार-पाच लिटर पाठीवरूनच न्यायचं.

वेग: कारवीच्या, म्हणजे उंच दांड्यांच्या दाट झुडपांच्या, रानात तासाला एक किलोमीटर झालं तरी समाधान मानावं. कारवीला धरायचं तर बुंध्याशी, आणि एकदम तीन-चार दांडे मुठीत. एकटा वाळका दांडा कधीही मोडतो. परत फिरायची वेळ लोकलमध्ये बसतानाच ठरवून सगळ्यांना सांगायची. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो, त्यामुळे मी दुपारी एक ही वेळ धरतो. एकला माथा हाताशी दिसत असला तरी फिरायचं.

तुमचे अनुभव, मतभेद, सगळं लिहा.

---

गारवा_ठाणे

सुंदर धागा. ‘एक सुटी फक्त बघण्यात घालवा’ हे सोन्यासारखं आहे. आमच्या ग्रुपमध्ये हे कुणाला पटत नाही, सगळ्यांना त्याच रविवारी माथा हवा असतो.

---

वैशाखरे_पायथा

मी मूळचा मुरबाड तालुक्यातला, आता कामासाठी कल्याणला. धागा आवडला, पण एक गोष्ट मनापासून सांगतो दादा. तुम्ही ज्याला वाट नसलेला डोंगर म्हणता, तिथे बऱ्याचदा वाट होती. घाटावरून कोकणात माल, गुरं, लग्नाची वऱ्हाडं याच नाळांमधून उतरायची. नाणेघाट लेण्यातल्या शिलालेखामुळे आणि जकातीच्या रांजणामुळे सगळ्यांना माहीत झाला. पण तसल्याच लहान वाटा दर दोन-चार मैलांवर होत्या. रस्ता झाला, एसटी आली, चालणारं माणूस थांबलं. दोन पावसाळे कुणी गेलं नाही की कारवी वाट गिळते. तरी हिरडा गोळा करणारे, मध काढणारे, गुरं हरवली की शोधायला जाणारे महादेव कोळी आणि ठाकर लोक आजही त्यातल्या काही वाटांनी जातात.

म्हणून नकाशाच्या आधी गावात विचारा. पण नीट विचारा. ‘वर वाट आहे का?’ असं विचारलंत तर म्हातारा ‘हाय की’ म्हणणार, कारण तो तरुणपणी अनवाणी गेलेला असतो. त्याऐवजी विचारा: गुरं जातात का? गुरं जात नसतील तर शेळ्या जातात का? की फक्त माणूस जातो? गुरं जातात म्हणजे ओझं घेऊन निवांत जाल. शेळ्या जातात म्हणजे हात लावावे लागतील. फक्त माणूस जातो म्हणजे दोर पाहिजे. आणि ‘वानर जातंय’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून परत फिरा.

दुसरं विचारायचं ते हे: तुम्ही स्वतः शेवटचे कधी गेलात, आणि ते या पावसाळ्याच्या आधी की नंतर? एका पावसात नाळेतला अडकलेला धोंडा खाली येतो आणि चालती वाट बंद होते.

आणि कुणाला वाटाड्या म्हणून नेलंत तर त्याची त्या दिवसाची शेतावरची मजुरी बुडतेय हे लक्षात ठेवून, आधी ठरवून पैसे द्या. संध्याकाळी उरलेल्या बिस्किटांचा पुडा हातात ठेवून निघून जाणं बरं दिसत नाही.

---

सोंडवाट (मुलुंड)

@वैशाखरे_पायथा, मनापासून आभार. गुरं–शेळ्या–माणूस ही प्रतवारी आजवर वाचलेल्या कुठल्याही प्रतवारीपेक्षा उपयोगी आहे. उद्यापासून मी हीच वापरणार. ‘या पावसाळ्याच्या आधी की नंतर’ हा प्रश्न तर प्रत्येकाने वहीत लिहून ठेवावा.

---

कातळकन्या

दोराविषयी कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी प्रस्तरारोहण करते.

वाट शोधायला जाणाऱ्या बऱ्याच जणांच्या पिशवीत दोर असतो, पण तो अडकवायचा कशाला हे ठाऊक नसतं. कड्याच्या पट्टीवरच्या झाडाची मुळं कित्येकदा हातभर मातीत असतात आणि त्या मातीखाली सपाट कातळ असतो. भेगेत रुजलेला उंबर आणि मातीत उभं असलेलं झाड यांत जीवन-मरणाचा फरक आहे. झाड जिवंत आहे का, मुळं भेगेत गेलीत का, आणि सगळ्यांनी मिळून जोर लावला तर हलतं का, एवढं पाहिल्याशिवाय त्याला स्लिंग (दोर अडकवायचा पट्टा) घालायची नाही. घातली तर बुंध्याच्या तळाशी.

खडकाबद्दल: ज्या बसाल्टमध्ये पांढऱ्या खड्यांचे ठिपके भरपूर दिसतात तो बऱ्याचदा ठिसूळ निघतो, हातात तुकडा येतो. लालसर मातकट थर दिसला तर त्यावर भरवसाच ठेवू नका. पकड ओढण्याआधी तळहाताने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर सोडून द्या.

नाळेत चालताना हेल्मेट हवंच. एकतर सगळे अगदी जवळजवळ चाला, म्हणजे सुटलेल्या दगडाला वेग घ्यायला जागा मिळणार नाही. नाहीतर एकावेळी एकच जण, बाकीचे कडेला कातळाच्या आडोशाला. मधलं अंतर सगळ्यात वाईट. दगड सुटला की ‘दगड!’ एवढंच, मोठ्याने. नाव घेण्यात वेळ घालवू नका. वरून आवाज आला की वर बघायचं नाही, कातळाला चिकटायचं.

आणि हे सगळं पहिल्यांदा डोंगरावर शिकायचं नाही. मुंबईत १९५४ पासून गिरिविहारसारखी संस्था आहे, इतरही अनेक आहेत. बेलापूरच्या टेकडीतल्या शिळांवर सराव करणारी मुलं दर वर्षी असतात. त्यांच्यात सामील व्हा. बांधलेला दोर सुटतो कसा, हे जमिनीपासून दोन मीटरवर समजलेलं बरं.

---

नवखा_अंधेरी

प्रश्न आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात असं आडवाटेने फिरता येईल का? घराजवळ पडेल.

---

सोंडवाट (मुलुंड)

नाही, आणि कुणी ‘चल, येऊरकडून शिरू’ म्हणालं तरी जाऊ नका. ते संरक्षित जंगल आहे, साधारण १०४ चौरस किलोमीटर, आणि बिबट्यांचं घर आहे. तिथे परवानगी असलेल्या वाटांवरच जायचं. शिलोंड्याची वाट आधी नोंदणी करून, उद्यानाच्या माणसाबरोबर करता येते. झाडं, पाणवठे, पावलांचे ठसे शिकायला ती फार चांगली आहे.

कळसूबाई–हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर हीदेखील अभयारण्यं आहेत. तिथे मळलेली वाट सोडायची तर आधी वनखात्याकडे विचारा. नाही म्हणाले तर नाही. डोंगर पुष्कळ आहेत.

---

पदरात_रमलेला

+१. आग्या मोहोळाचा उल्लेख हवा. कोकणाकडच्या कड्यांना ओळीने पोळी लागतात, आणि वाट नसलेल्या कड्यावर तुम्ही त्यांच्या अगदी समोर येता. दुर्बिणीने बघायच्या दिवशी काळे अर्धगोल दिसले तर ती रेघ खोडून दुसरी ओढा. अत्तर, सेंट, सिगारेट, चूल काही नको. मोहोळ उठलंच तर हात झाडत बसू नका. तोंड झाका आणि दाट झाडीत शिरून लांब जा. दोरावर लटकलेला माणूस पळू शकत नाही, म्हणून पोळ्याखाली दोर लावायचाच नाही.

फुरसं हा विषारी साप दुसरा धोका. ते लहानसं, मातीच्या रंगाचं, दगडाच्या सपाटीवर गुंडाळून बसलेलं असतं. वर हात टाकून पकड शोधताना आधी डोळ्यांनी बघा, नाहीतर काठी फिरवा. चावलं तर चिरा देणं, दोरी आवळणं हे सगळं सोडा. माणसाला निवांत ठेवा, अवयव हलू देऊ नका आणि प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठा.

---

डिजिटल_भटक्या

एका मुद्द्यावर वेगळं मत आहे. तुम्ही एवढं शोधता, मग जीपीएसचा ट्रॅक (चाललेल्या वाटेची मोबाइलवरची रेघ) इथे टाकत का नाही? पुढच्या माणसाची चूक टळेल. माहिती दडवून ठेवली की लोक आंधळेपणाने घुसतात आणि मग अपघात होतात. माहिती सगळ्यांची असली पाहिजे.

---

कातळकन्या

@डिजिटल_भटक्या, हेतू पटतो. पण ट्रॅकमध्ये रेघ असते, हंगाम नसतो. फेब्रुवारीत कोरड्या नाळेतून नेलेली रेघ कुणी ऑक्टोबरात उघडली तर ती त्याला शेवाळावर नेऊन सोडते. शिवाय अरुंद घळीत, कड्याखाली मोबाइलला आकाशाचा थोडाच तुकडा दिसतो, भिंतींवरून लहरी उलटतात आणि ठिकाण वीस-तीस मीटरने सहज सरकतं. सपाटीवर काही बिघडत नाही. कड्यावर वीस मीटर म्हणजे दुसरी पट्टी.

---

डिजिटल_भटक्या

ठिकाण सरकण्याचं मान्य. तरी निदान सुटकेसाठी तरी ट्रॅक कुणाकडे असायला हवा ना?

---

सोंडवाट (मुलुंड)

हो, आणि तो असतोच. निघण्याआधी घरी आणि पायथ्याच्या गावात एका माणसाकडे कागदावर लिहून ठेवतो: कोणत्या नाळेने चढणार, कोणत्या वाटेने उतरणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. पोलिसांसाठी ११२ आहे. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांच्यामार्फत जवळच्या गिर्यारोहकांची तुकडी निघते; त्यांचा क्रमांक निघण्याआधीच मोबाइलमध्ये घालून ठेवा. ही माणसं स्वतःची कामं टाकून रात्री-अपरात्री दरीत उतरतात. त्यांना ‘कुठेतरी कड्यात’ एवढंच सांगणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. नेटवर्क नसलं तरी मोबाइलचं जीपीएस चालतं, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्या आणि अक्षांश-रेखांश वाचायला शिका. बॅटरी वाचवायला फोन विमानाच्या मोडवर ठेवा.

सगळ्यांसाठी ट्रॅक मात्र मी टाकणार नाही. माणसांची रांग लागली की पदरातल्या मातीची चर होते, पहिल्या पावसात ती वाहते आणि त्याच चरीचा ओढा होतो. कलावंतीणवर सुटीच्या दिवशी पायऱ्यांवर खोळंबून उभी असलेली माणसं मी पाहिली आहेत. तो सुळका ती गर्दी सोसतो, कारण पायऱ्या कातळात आहेत. मातीचा उतार सोसणार नाही. याच कारणासाठी ऑइलपेंटचे बाण काढण्याला माझा पूर्ण विरोध आहे. वाट लक्षात राहावी म्हणून दगडावर दगड ठेवा, आणि उतरताना त्या वाटेने आलात तर तेही मोडा.

कसं वाचायचं ते मी कितीही वेळ सांगेन. कुठे जायचं ते ज्याने त्याने समोरच्या टेकडीवर बसून ठरवावं.

---

वैशाखरे_पायथा

बाणांबद्दल शंभर टक्के सहमत. आमच्या गावाजवळ एका देवाच्या शिळेवरही बाण काढून ठेवलाय. गावातल्या बायकांना वाईट वाटलं, पण बोलणार कुणाला? काढणारे तोवर निघून गेले होते.

---

नवखा_अंधेरी

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. आता सुरुवात कुठून करू? मी राजमाची, पेब, कळसूबाई केलंय. दोर येत नाही.

---

सोंडवाट (मुलुंड)

आधी माथ्याचा विचार सोडा. भिवपुरी रोडला उतरून माथेरानच्या गारबेट पठाराकडे मळलेल्या वाटेने जा. पठाराखाली आलात की थांबा आणि वरचा कडा कुठे फुटलाय ते वाटेवरूनच ओळखायचा प्रयत्न करा, कागदावर काढा. मग वाटेने वर जाऊन तुमचं चित्र बरोबर होतं का ते पाहा. असं वेगवेगळ्या डोंगरांवर करत राहा. चित्र जुळायला लागलं की तुम्हाला डोंगर वाचता येऊ लागला असं समजा. जोडीने कातळकन्यांनी सांगितल्याप्रमाणे दोर शिकायला लागा. पहिल्या बिनवाटेच्या चढाईला किमान चौघे असा, त्यातला एक तरी असं आधी केलेला. गुरं जातात त्या प्रतीपासून सुरुवात करा.

---

नवखा_अंधेरी

येत्या रविवारी गारबेट करतो. कागद-पेन्सिल घेऊन जातोय. काढलेलं चित्र इथेच टाकेन, चुका दाखवा.

---

कातळकन्या

नक्की टाका. फोटोही जोडा, साधारण एकाच जागेवरून सकाळचा आणि दुपारी तीननंतरचा. गारबेटची कुठली बाजू कधी उजळते ते त्यात कळेल आणि चित्र तपासणं सोपं जाईल. पाणी पुरेसं न्या, पठारावर सावली कमी आहे.